माळावर एक दिवसाचा वाडा

शाळेच्या व्हरांड्याच्या टोकाला एक खोली आहे. पूर्वी तिथं खिचडीचं सामान असायचं. परवा तळेगाव ढमढेऱ्याहून जीपनं आले, फाट्यावर उतरले आणि घरी जायच्या आधी पाय तिकडंच वळले. आतल्या भिंतीवर वाघर टांगलेली आहे. वाघर म्हणजे मेंढरं रात्रीची कोंडायची जाळी. घायपाताच्या वाखाची, हातानं वळलेली, गाठ गाठ हातानं मारलेली. शाळा सुटली होती, आवारात कुणी नव्हतं. मी जाळीत तोंड खुपसून खोल श्वास घेतला. ओढ्याचा चिखल, धूर, मेंढराच्या अंगाची उबट चिकट घाण. आम्ही तिला कधी घाण म्हणालोच नाही. तो घराचा वास होता.

पुण्याच्या माणसाला ‘आमचा वाडा होता’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढं दिंडीदरवाजा आणि चौक येतो. आमचा वाडा रोज संध्याकाळी उभा राहायचा आणि सकाळी घोड्याच्या पाठीवर बसून चालू लागायचा. मेंढरं, चार बिऱ्हाडं, कुत्री, कोंबड्या, तीन दगडांच्या चुली, एवढं सगळं मिळून वाडा. दसरा झाला की निघायचं, घाट उतरून कोकणात जायचं आणि मिरगाच्या तोंडावर भीमेकाठी परत यायचं.

मी त्यातली शेवटची काही वर्षं पाहिली. घोड्यावर वाकळांच्या चवडीवर मला दोरीनं बांधून बसवलेलं असे. माझ्या एका बाजूला कोंबड्यांची पाटी, दुसऱ्या बाजूला कुत्र्याची पिल्लं. घोड्याची चाल अंगात अशी मुरलेली की पुढं गावात खाटेवर झोपायला लागले तेव्हा कितीतरी दिवस खाट हलत नाही म्हणून झोप लागली नाही. घाटात पहाटेच्या दवानं घोंगडी भिजे आणि ओल्या लोकरीचा वास चुलीच्या धुरात मिसळे. मेंढीच्या दुधाचा चहा दाट असायचा, ओठांना साय चिकटायची. सांज झाली की दिवसभर बांबूच्या डालग्याखाली झाकून ठेवलेली कोकरं सोडायची. मग जो कालवा व्हायचा! शेकडो आया आणि शेकडो लेकरं एकमेकांना हाका मारायची, आणि बघता बघता प्रत्येकीला आपलं सापडायचं, गलका विरत जायचा, आणि शेवटी फक्त चुटूचुटू दूध पिण्याचा आवाज उरायचा. त्या शांततेसारखी शांतता मी नंतर कुठं ऐकली नाही.

मग आमच्या रानात कालव्याचं पाणी आलं. उसाची पहिली लागण झाली. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं मामाला देऊन टाकली. घोडंही गेलं. शेडाला पत्रा चढला, दावणीला जर्शी गाय आली, आणि मी एका जागची शाळा शिकू लागले. दादा कशाबद्दल काही बोलले नाहीत. फक्त दिवाळीनंतर दुसऱ्यांचे कळप रस्त्यानं जायला लागले की ते रस्त्याकडं पाठ करून बसायचे आणि उसाच्या पाचटाशी उगाच काहीतरी करत राहायचे. घंटांचा आवाज लांब जाईपर्यंत त्यांची मान वळत नसे.

त्याच सुमाराला गावानं वेस नव्यानं बांधायचं मनावर घेतलं. जुनी कमान कधीच ढासळली होती. नवी कमान झाली, तिच्या कडेला लांब भिंत झाली, आणि तिच्यावर गावाचा इतिहास रंगवून घ्यायचा असं ठरलं. काम आमच्या गुरुजींकडं आलं. गुरुजी मूळचे पाबळकडचे. सायकलवरनं शिवार पालथं घालायचे. ओढ्यात कपडे धुवायला घातलेला कोरीव दगड त्यांनीच उचलून आणला आणि मारुतीपुढं उभा केला; तो वीरगळ आहे, कुणीतरी गाई सोडवताना मेला त्याची आठवण आहे, हे गावाला त्या दिवशी कळलं. त्यानंतर बायका त्या दगडाला हळदकुंकू लावायला लागल्या. अशा माणसाच्या हाती इतिहास गेला म्हणून सगळे खूश होते.

पंधरा ऑगस्टचा झेंडा झाल्यावर गुरुजींनी सगळ्या गावापुढं तो इतिहास वाचून दाखवला. कोणत्या घराण्यानं गाव वसवलं, देऊळ कुणी बांधलं, बुरूज कुठं होता, चळवळीत तुरुंगात कोण गेलं. लोक टाळ्या वाजवत होते, आपापल्या आज्याचं नाव आलं की माना ताठ होत होत्या. मीही ऐकत होते, आमचं नाव कधी येतंय याची वाट बघत. ते अगदी शेवटी आलं. ‘पुढे धनगर समाजही येथे येऊन स्थायिक झाला.’ एवढंच. त्यानंतर जय हिंद.

बायकांच्या मागच्या रांगेत ठकूआत्या बसली होती. ही दादांची थोरली बहीण, आमच्याच वस्तीवर शेजारच्या घरात राहणारी. उंच, काटक, हिरव्या लुगड्याचा काष्टा. आयुष्याचा मोठा भाग तिनं घोड्याचा लगाम धरून घाट चढण्या-उतरण्यात घालवला होता. ती उठून उभी राहिली. बायकांनी सभेत उठायची रीत नव्हती, त्यामुळं सगळ्या माना मागं वळल्या.

“गुरुजी,” ती म्हणाली, “आमचं एवढंच व्हय?”

गुरुजी चिडले नाहीत. त्यांनी कागद खाली ठेवला आणि तिला खरं तेच सांगितलं. म्हणाले, मावशी, मी शोधलं. पण लिहायला काहीतरी खूण लागते. देऊळ, शिळा, बुरूज. तुमची खूण मला कुठं सापडली नाही.

“आमची खूण रोज सकाळी आमीच उचलून घ्यायचो,” आत्या म्हणाली. “म्हून ती ऱ्हायली न्हाई.”

गुरुजींनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, तुम्ही दाखवा, मी लिहितो. भिंत तोवर कोरी ठेवतो.

“दिवाळी हू द्या,” ती म्हणाली. “दावते.”

घरी आल्यावर दादांचं आणि तिचं वाजलं. तिच्या डोक्यात होतं की दिवाळीनंतर मामाचा कळप इकडनं जाईल तेव्हा माळावर एक दिवस खरा वाडा उभा करायचा आणि सगळ्या गावाला बघायला बोलवायचं. दादांना ते अजिबात पटेना. एवढं रान केलं, ऊस केला, पोरं शाळेत घातली, आणि आता माळावर चूल मांडून लोकांना दाखवायची, लोक हसतील, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. आत्यानं सगळं ऐकून घेतलं.

“हसू दे,” ती म्हणाली. “पर बघून हसू दे.”

पहिली गरज वाघरीची होती. आमची जुनी कडब्याच्या गंजीभोवती लावून लावून फाटली होती, उरलेली उंदरांनी खाल्ली होती. आत्यानं वस्तीवरच्या बायका गोळा केल्या आणि बांधावरचं घायपात तोडायला काढलं. पानं भाऱ्यानं ओढ्यात बुडवली, वर दगड ठेवले आणि कुजायला सोडली. काही दिवसांनी त्या बाजूनं वारा आला की शाळेत पोरं नाकाला रुमाल लावायची. बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून ती कुजकी पानं झोडपायच्या, पिळायच्या, झोडपायच्या. हातांना खाज सुटायची. आणि मग त्या काळ्या लगद्यातून हळूहळू वाख निघायचा, पांढराशुभ्र, लांब, म्हातारीच्या धुतलेल्या केसांसारखा. बाभळींवर वाळत घातला की ओढा उजळून निघायचा. आम्ही पोरी शाळेतून परस्पर तिकडंच जायचो. मांडीवर वाख वळायला मी तेव्हा शिकले. मांडी सोलून निघाली होती, पण मी ते कुणाला सांगितलं नाही, कारण वळलेली दोरी माझ्या पायाशी वेटोळं करून बसली होती आणि ती मी केली होती.

दोरी झाली, पण गाठ येईना. वाघरीची गाठ पुरुष मारायचे. ती सरकली नाही पाहिजे आणि मेंढराच्या पायात काचलीही नाही पाहिजे. आत्यानं आयुष्यभर ती बघितली होती, पण तिच्या बोटांनी कधी मारली नव्हती. ओसरीवर बसून ती बांधायची, ओढून बघायची, सोडायची. दादा समोर चहा पीत बसले होते. बराच वेळ त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. मग कप खाली ठेवला, तिच्या हातातली दोरी घेतली, एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं, आणि त्यांची बोटं चालू लागली. आईनं मला डोळ्यांनीच तिथनं उठवलं. त्यानंतर रोज सकाळी गाईची धार काढली की दादा ओसरीवर बसायचे आणि वाघर हातभर वाढायची.

दिवाळी झाली. बाजरी निघून रानं मोकळी पडली होती. ज्या सकाळी मामाचा कळप यायचा होता त्या सकाळी शाळेला सुट्टी नव्हती, पण गुरुजींनी सगळ्या वर्गांची रांग करून पोरांना माळावर आणलं. गावातल्या बायका आल्या, माळीवाड्यातले लोक फुलं तोडायची टाकून आले, सरपंच आले. मी रांगेत उभी होते. माझं मन मात्र रांगेत नव्हतं.

आधी वास आला. मग घंटा. मग टेकाडाच्या कडेवर धूळ उठली आणि तिच्यातून माना खाली घातलेली पांढरी-काळी मेंढरं वाहत यायला लागली. कडेनं कुत्री, मागं मामा, डोक्याला लाल पटका, खांद्यावर काठी. मामाच्या घोडीचा लगाम आत्यानं आपल्या हातात घेतला. तिनं आधी वाऱ्याकडं तोंड केलं, मग जमिनीचा उतार बघितला, पायानं दोन-चार ठिकाणी माती उकरली आणि एका जागी जाऊन पहिला दगड ठेवला. कुणाला काही न सांगता आमच्या बायका कामाला लागल्या. घोडीच्या पाठीवरनं एकेक वस्तू उतरायला लागली. वाकळा, तवा, पिठाची पिशवी, पाण्याची घागर, काठवट, पाळण्याची दोरी, आणि सगळ्यात शेवटी पिवळ्या फडक्यात बांधलेले देवाचे टाक. शाळेतली पोरं अवाक् होऊन बघत होती. माझ्या शेजारच्या मुलीनं हळूच विचारलं, एवढं सगळं एका घोड्यावर कसं मावलं? मी म्हणाले, आमचं सगळं घरच मावतं. हे मी पहिल्यांदा शाळेत कुणाला सांगितलं, आणि सांगताना आवाज मोठा होता.

दादांनी आणि मामानं खुंट्या ठोकून नवी वाघर गोल उभी केली. पण मेंढरं आत जाईनात. जाळीला नव्या वाखाचा वास होता आणि भोवती एवढी माणसं त्यांनी कधी बघितली नव्हती. पुढची एक मेंढी बुजली, वळली, आणि पाण्याला फाटा फुटावा तसा सगळा कळप माळीवाड्याच्या बाजूला फुटला. तिकडं शेवंतीचे वाफे होते, तोडणीला आलेले. लोक ओरडायला लागले, पोरं पळायला लागली, त्यानं मेंढरं आणखी बिथरली. मामा एका बाजूनं धावला, कुत्री दुसऱ्या बाजूनं, पण कळप लांबत चालला. आत्याचा चेहरा मला दिसत होता. इतका उतरलेला तो मी कधी बघितला नव्हता. आज ती फुलं तुडवली गेली असती, तर भिंतीवरची ती एक ओळसुद्धा आम्हाला मिळाली नसती.

तेव्हा दादा पुढं झाले. पळाले नाहीत. कळपाच्या आडवं जाऊन एका उंचवट्यावर उभे राहिले, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि त्यांनी हाळी दिली. लांब, घशातनं घुमत निघणारी, शेवटाला वर चढणारी. ती हाळी मी घोड्यावर बसून ऐकलेली होती, घाटात, धुक्यात, तिच्या मागोमाग सगळ्या वाड्यानं कोकण गाठलेलं होतं. इतक्या वर्षांत ती घशातच राहिली होती. पहिल्यांदा आवाज फाटला. दुसऱ्यांदा साफ आला. पुढची मेंढी थांबली. कान उभे झाले. मग तिच्यामागची थांबली, मग सगळ्या. दादा पाठ फिरवून वाघरीकडं चालायला लागले, मागं वळून न बघता, आणि सगळा कळप त्यांच्या मागं चालत येऊन आत शिरला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. दादा जाळीचं तोंड बांधायला खाली वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

चुली पेटल्या. बाजरीच्या भाकरीचा वास सुटला. आत्यानं पोरांना गोल बसवून डालग्याखालची कोकरं दाखवली, लोकर कातरायची कशी, टकळीवर सूत काढायचं कसं, चिंचोक्याची खळ घातल्यावर घोंगडी पाऊस कशी अडवते, हे सगळं दाखवलं. गुरुजी पोरांच्यातच मांडी घालून बसले होते आणि पोरांसारखेच प्रश्न विचारत होते.

दुपार कलली तेव्हा पाटलांचे आबा आले. गावातलं सगळ्यात जुनं माणूस, दोघांनी धरून आणलेलं. आत्यानं त्यांना घोंगडी अंथरली. ते बसले, हात लांब करून त्यांनी जमिनीवरच्या चार लेंड्या उचलल्या आणि तळहातावर घेऊन बघत राहिले.

“ठकूचा आजा वाडा घिऊन यायचा,” ते म्हणाले. आवाज बारीक होता, लोक जवळ सरकले. “माझा बाप वेशीपशी जाऊन उभा ऱ्हायचा त्याला बलवायला. दुसऱ्या गावानं आधी न्यायला नगं म्हून. मेंढरं रानात बसली, लेंडीचं खत पडलं की दोन सालं जवारी अशी यायची.” त्यांनी हात खांद्याच्या वर नेला. “गुरुजी, ह्ये मागनं आल्यालं न्हाईत. ह्यांच्याबिगर आमचं रानच आलं नसतं.”

गुरुजींनी मान हलवली. त्यांच्याकडं लिहायला कागद-पेन नव्हतं, पण त्यांनी त्या लेंड्या आबांच्या हातातून घेतल्या आणि रुमालात बांधल्या.

सांजेला ढोल निघाले. आमच्या गड्यांनी रंगीत रुमाल उडवत गजीनाचाचा फेर धरला. पाटलांच्या सुना आधी लांब उभ्या होत्या, मग आत्यानं एकीचा हात धरून ओढली आणि मग फुगडीला जागा पुरेना. कोकरं सुटली, हाकांचा कालवा झाला आणि तो विरत गेला. सगळं गाव उभं राहून ती शांतता ऐकत होतं.

दौंडचा पेंटर आला तेव्हा गुरुजींनी मजकूर रंगवायच्या आधी वस्तीवर येऊन वाचून दाखवला. गावच्या मातीला ज्यांच्या मेंढरांनी कस दिला ते धनगर पिढ्यान्‌पिढ्या या शिवारात आले, असं काहीसं होतं. आत्यानं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, “आले नगा लिवू. चालत आले, असं लिवा.” गुरुजींनी तिथंच दुरुस्ती केली. भिंतीवर ती ओळ आजही आहे. रंग दोनदा दिलाय, अक्षरं तीच ठेवली आहेत.

तेव्हापासून दरसाल दिवाळीनंतर माळावर एक दिवसाचा वाडा पडतो. त्याच्या निमित्तानं खोली भरत गेली. वाघर तिथं गेली, मग माळ्यांनी जुनी मोट आणून दिली, कुणी दगडी रगडा दिला, कुणी लाकडी पाभर. आपल्या घरातलं काय द्यावं याची गावाला चढाओढ लागली. गुरुजी निवृत्त होऊन शिरूरला राहतात, पण त्या दिवशी एसटीनं येतातच. दादा हाळी देतात. आता ते उसावर बोलतात त्यापेक्षा मेंढरांवर जास्त बोलतात, आणि शाळेतल्या पोरांना गाठ शिकवताना आमच्यावर कधी ओरडले नाहीत तेवढे ओरडतात.

यंदाच्या दिवसासाठीच मी आले होते. आत्याला आता माळावर उन्हात फार वेळ बसवत नाही. तिची सून बिऱ्हाड मांडते, पहिला दगड मात्र तीच ठेवते. गावात आता भाड्याच्या खोल्या झाल्या आहेत. कारखान्यात कामाला आलेली कितीतरी कुटुंबं राहतात. त्यांच्यातली एक बाई काखेत मूल घेऊन बघायला आली होती. सगळ्यांच्या मागं, थोडी लांबच उभी होती. आत्यानं तिला खुणेनं बोलावलं, आपल्या घोंगडीवर जागा केली, मुलाच्या हातात भाकरीचा पापुद्रा दिला. ती बाई बसली. चुली, मेंढरं, कळपामागनं धावणारी पोरं सगळं बघून तिनं विचारलं, “मौसी, आप लोग यहीं के हो?”

आत्यानं माळावर एकदा नजर फिरवली. तिला हिंदी येत नाही, पण प्रश्न तिला कळला.

“व्हय,” ती म्हणाली. “हितलंच.”

मग तिनं मला जवळ बोलावलं. “हिला इचार, कुठनं आली, कशी आली. समदं नीट इचार,” ती म्हणाली. “गुरुजी आल्यात न्हवं आज, त्यास्नी सांगून ठिवू. भिंतीवर अजून जागा हाय.”